पट्टा का ओरडतो

जुलैतली सकाळ. रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सुरू केली की बॉनेटखालून एक किंचाळी निघते. सोसायटीतले दोन-तीन पडदे हलतात, गाडीवाला ओशाळतो, आणि सात-आठ सेकंदांत आवाज आपोआप बंद होतो. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: “बेल्ट ओरडतोय साहेब, बदलून टाकू.” बेल्ट बदलला जातो. महिनाभर शांतता. मग पुन्हा एका ओल्या सकाळी तीच किंचाळी, तेच पडदे.

यात पट्ट्यावर अन्याय होतो असं माझं मत आहे. ओरडतो तोच, हे खरं. पण दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, म्हणजे क्रँकशाफ्टचं एक टोक गिअरबॉक्सकडे जाऊन चाकं फिरवतं. दुसऱ्या टोकावर एक पुली असते आणि तिच्यावर हा पट्टा चढवलेला असतो. त्याच्या जोरावर ऑल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार होते. एसीचा कॉम्प्रेसर फिरतो. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असतो, आणि स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारं असेल तर त्याचाही पंप. या सगळ्यांचा भार किती? ऑल्टरनेटर 14 व्होल्टला 70 अँपिअर देत असेल तर ते जवळपास 1 किलोवॉट झालं. त्याची स्वतःची गळती धरली की पट्ट्याकडून तो पावणेदोन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे दोन अश्वशक्तीहून जास्त ओढून घेतो. एसी लावला की आणखी तीन-चार अश्वशक्ती. आणि हे सारं जातं जेमतेम 21 मिलीमीटर रुंदीच्या रबराच्या फितीतून, जिला ना दात आहेत ना कड्या.

सकाळच्या किंचाळीचं निम्मं कारण इथेच आहे. स्टार्टरने नुकताच बॅटरीतून मोठा घोट घेतलेला असतो. ती भरून काढायला ऑल्टरनेटर सुरुवातीलाच जोर लावतो. वर हेडलाइट, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला पंखा. रबर गार आणि दमट. त्या काही सेकंदांत ऑल्टरनेटरची पुली मागे राहते आणि पट्टा तिच्यावरून घसरत पुढे जातो. घसरताना तो चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदाला शेकडो वेळा. तीच किंचाळी. ऑल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान असते, क्रँकच्या पुलीच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे इंजिन 800 फेऱ्यांवर मंद चालू असतानाही ऑल्टरनेटर दोन-अडीच हजार फेऱ्या घेत असतो. पुली लहान म्हणजे पट्ट्याला पकडायला जागा थोडी. घसरण्याची सुरुवात तिथूनच होते.

पकड नेमकी येते कुठून, हे कळायला गाडीपेक्षा कोकणातला धक्का बरा. लाँच लागते तेव्हा खलाशी दोरखंड फेकतो, धक्क्यावरचा माणूस तो खुंटाला दोन-तीन वेढे मारतो आणि एका हाताने धरून उभा राहतो. एवढी मोठी लाँच, पण थांबते. खुंटावर वेढे वाढतात तशी पकड नुसती वाढत नाही, ती गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं. घर्षणाचा गुणांक 0.3 धरला तर अर्ध्या वेढ्याला एका टोकाचा ताण दुसऱ्या टोकाच्या सुमारे अडीच पट होऊ शकतो. पूर्ण वेढ्याला साडेसहा पट, दोन वेढ्यांना 43 पट आणि तीन वेढ्यांना 285 पट. तीन वेढ्यांनंतर एक किलोच्या जोराने पावणेतीन क्विंटल रोखून धरता येतात.

गाडीच्या पट्ट्याची पंचाईत अशी की त्याला पुलीवर पूर्ण वेढासुद्धा मारता येत नाही. अर्धा मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे अडीच पट, बस. पिठाच्या गिरणीत उभं राहून ज्यांनी तो रुंद, सपाट पट्टा पाहिला आहे त्यांना ही अडचण ठाऊक असेल. पट्टा वीतभर रुंद, इंजिन आणि जातं एकमेकांपासून लांब, आणि तरीही ओलं धान्य आलं की पट्टा सटकायचा. मग गिरणीवाला डब्यातून राळ काढून चालत्या पट्ट्यावर टाकायचा. (हे करताना त्याची बाही आत जाईल की काय या भीतीने मी डोळे मिटून घेत असे.)

गाडीत वीतभर रुंदीला जागा कुठून आणणार? उत्तर निघालं पाचरीतून. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये रबर आणि धाग्यांचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा केला. पुलीला तशीच उतरती खाच. पट्टा खाचेच्या तळाला टेकतच नाही. तो दोन्ही भिंतींमध्ये रुततो, लाकडात पाचर रुतावी तसा. जितका ओढाल तितका आत बसतो आणि भिंतींना तितका घट्ट आवळतो. खाचेचा कोन 38 अंशांच्या आसपास असला की तेच रबर जणू तिप्पट घर्षणाचं होतं. आणि हे तिप्पट ऑयलरच्या गुणाकारात शिरलं की अर्ध्या वेढ्याची अडीच पट थेट सोळा-सतरा पटींवर जाते.

या एका गोष्टीवरून जुन्या मेकॅनिकांची एक सवय समजते. ते पट्टा बघायच्या आधी खाचेचा तळ बघतात. तळ मळका, काळपट असेल तर ठीक. तो आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे. त्याची पाचर संपली, तो आता गिरणीतला सपाट पट्टा झाला. मग कितीही आवळा, घसरणारच. खाचच रुंद झाली असेल तर नव्या पट्ट्याचीही तीच गत होते. बदलायची असते पुली.

आपल्याकडे दोन पिढ्यांनी ‘फॅनबेल्ट’ हा शब्द शिकला तो फियाट आणि अँबॅसिडरमुळे. या गाड्यांत एकच व्ही पट्टा पाण्याचा पंप, त्याच्याच दांड्यावरचा पंखा आणि डायनॅमो, असे तिन्ही संसार ओढायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर 2023 पर्यंत होती, म्हणजे हा पट्टा आपल्यातून जाऊन फार दिवस झालेले नाहीत. आमच्या घरच्या फियाटच्या डिकीत सुतळीने बांधलेला एक जादा पट्टा कायम असायचा. खंबाटकीच्या चढावर एकदा तो तुटला तेव्हा आधी चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि मागोमाग तापमानाचा काटा चढू लागला. पंखा नाही, पंप नाही, वर चढण. वडिलांनी गाडी बाजूला घेतली, अर्धा तास निवू दिली, आणि एका पान्ह्यावर आणि टॉमीवर, म्हणजे रेटायच्या लोखंडी दांडीवर, पट्टा चढवला. त्या दिवशी मी त्यांना सारखं विचारत होतो की तुटला कसा. ते म्हणाले, “मीच मागच्या आठवड्यात जास्त आवळला होता.”

ते आवळणं म्हणजे नक्की काय, ते सांगतो. साध्या व्ही पट्ट्याच्या गाड्यांत आजही तसंच करतात. ऑल्टरनेटर दोन ठिकाणी धरलेला असतो. खाली एक लांब बोल्ट, जो बिजागरीसारखं काम करतो, आणि वर लांबट खाचेच्या पट्टीतला दुसरा बोल्ट. दोन्ही थोडे ढिले करायचे, टॉमी अडकवून ऑल्टरनेटर बाहेरच्या बाजूला रेटायचा, रेटून धरलेला असतानाच खाचेतला बोल्ट आवळायचा आणि मग खालचा. टॉमी लावायची ती पुढच्या जाड, ओतीव भागाला. मागच्या पातळ ॲल्युमिनियमच्या कवचाला लावली तर एक दिवस ते तडकतं. आणि ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरमध्ये इंजिन बंद असतानाही बॅटरीची वीज असते. टॉमी तिथे टेकली तर ठिणग्यांची आतषबाजी होते, म्हणून बॅटरीची ऋण वायर आधी काढलेली बरी. काही गाड्यांत रेटायला स्क्रू दिलेला असतो. अशी गाडी असेल तर भाग्यवान समजा; पान्ह्याने थोडा थोडा ताण वाढवता येतो.

किती ताणायचं? दोन पुलींमधल्या सगळ्यांत लांब सरळ भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण 10 किलो जोराने दाबलं की पट्टा 8 ते 10 मिलीमीटर आत गेला पाहिजे, हा सर्वसाधारण हिशेब. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. दहा किलो म्हणजे अंगठ्याला किती, हे एकदा वजनकाट्यावर अंगठा दाबून बघा. आपण समजतो त्यापेक्षा ते बरंच जास्त असतं. नवा पट्टा थोडा जास्त ताठ ठेवतात, कारण पहिल्या काही मिनिटांत तो खाचेत बसतो आणि सैल पडतो. म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवून, बंद करून पुन्हा बघायचं आणि काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. हे ‘आणखी एकदा’ कुणीच करत नाही. नवे पट्टे महिन्याभरात ओरडायला लागतात ते बऱ्याचदा याच आळसामुळे.

सैल पट्टा घसरतो, तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. घट्ट पट्टा मात्र गप्प असतो आणि म्हणूनच जास्त घातक. तो स्वतः लवकर थकतोच, शिवाय पाण्याच्या पंपाचा आणि ऑल्टरनेटरचा दांडा रात्रंदिवस एका बाजूला ओढत राहतो. बेअरिंग झिजतं. पंपाचं सील त्या डगमगीने फाटतं आणि कूलंटचा थेंब थेंब बाहेर येऊ लागतो. तो उडतो पट्ट्यावर. ओला पट्टा ओरडतो. ओरडतो म्हणून त्याला आणखी आवळतात. सासुरवास म्हणतात तो हाच.

एकेका उपकरणाला एकेक व्ही पट्टा असे दिवस होते तेव्हा आतला पट्टा बदलायला बाहेरचे दोन उतरवावे लागत. सगळी उपकरणं एकाच लांब, नागमोडी पट्ट्यावर घालण्याची कल्पना 1979 च्या फोर्ड मस्टँगवर आली आणि नंतर सगळीकडे पसरली. जाड व्ही पट्टा उलटा वाकत नाही. म्हणून मोठी एक पाचर मोडून तिच्या पाच-सहा बारीक पाचरी केल्या. पातळ पट्टा, आतून उभ्या रेघा, पाठ सपाट. तो दोन्ही बाजूंना वाकतो, पाठीनेही पुली फिरवतो आणि अरुंद जागेत वळणं घेत जातो. पट्ट्यावर 6पीके1780 असं छापलेलं दिसेल: सहा रेघा, दोन रेघांमधलं अंतर 3.56 मिलीमीटर, लांबी 1780 मिलीमीटर. दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा आकडा सांगणं बरं, कारण त्याच गाडीचं एसीवालं आणि बिनएसीचं मॉडेल असेल तर लांबी वेगळी असते.

या पट्ट्याला काय सोसावं लागतं याचा एक हिशेब मी कागदावर करून पाहिला. क्रँकची पुली 15 सेंटीमीटर व्यासाची, इंजिन 2500 फेऱ्यांवर, म्हणजे पट्टा सेकंदाला सुमारे 20 मीटर पळतो. 1780 मिलीमीटरचा पट्टा सेकंदाला अकरा वेळा सगळी प्रदक्षिणा घालतो. वाटेत सात पुली. एका तासात पावणेतीन लाख वेळा वाकणं आणि सरळ होणं, तेही तापलेल्या इंजिनाला खेटून. एवढ्यावरही तो लाखभर किलोमीटर टिकतो, याचंच आश्चर्य वाटायला हवं.

नागमोडी पट्ट्याचा ताण अंगठ्याने बघायचा नसतो. तिथे स्प्रिंगवर बसवलेला एक हात आणि त्याच्या टोकाला पुली असते. त्याला टेन्शनर म्हणतात. पट्टा ताणला, झिजला, तापून लांबला, तरी तो हात मागोमाग सरकतो आणि ताण तेवढाच राखतो. इंजिनाचे ठोके येतात तेव्हा धक्केही तोच पचवतो. काढताना त्याला पान्ह्याने फिरवून मागे घ्यायचं, पट्टा सोडवायचा, नवा चढवून हात हळूच सोडायचा. त्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. पट्टा कुठून कसा गेला होता हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर सगळ्या रेघा खाचांत बसल्यात ना, हे बोट फिरवून बघा. एक रेघ बाहेर राहिली तर पट्टा काही तासांत स्वतःला उभा चिरून घेतो. काही लहान इंजिनांत टेन्शनरही नसतो. पट्टाच लवचिक असतो आणि जुना कापूनच काढावा लागतो. तो पुन्हा वापरायच्या भानगडीत पडू नये.

टेन्शनर आल्यावर माणसं पट्टा विसरली आणि टेन्शनरही विसरली. स्प्रिंग थकते, हाताचं बिजागर घासतं, पुलीचं बेअरिंग खरखरायला लागतं. इंजिन मंद चालू असताना तो हात थरथर नाचत असेल तर त्याचे दिवस भरले आहेत. पुष्कळ टेन्शनरांवर दोन खुणा आणि एक दर्शक कोरलेला असतो. दर्शक खुणांच्या बाहेर गेला असेल तर एक तर पट्टा वाढला आहे किंवा चुकीच्या लांबीचा बसवला आहे. डिझेल गाड्यांत ऑल्टरनेटरची पुली बऱ्याचदा सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकाच दिशेला पकडणारी असते. ती अडकली की झटके पट्ट्यावर येतात आणि बिल फाटतं ते पट्ट्याच्या नावाने.

मग नेमका दोषी कोण, हे शोधायचं कसं? आधी आवाज ओळखा. लांबलचक किंचाळी, जी गाडी रेटली किंवा एसी लावला की वाढते, ती घसरण्याची. ठेक्यात, चिमणीसारखी चिवचिव येत असेल आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा ठेका बदलत असेल तर पुली एका रेषेत नाहीत. खरखर किंवा गुरगुर असेल तर ते बेअरिंग. पहिल्या दोन आवाजांत घोळ होत असेल तर पाण्याची परीक्षा घ्यावी. इस्त्रीवाला पाणी मारतो तसली पिचकारीची बाटली घ्यायची, इंजिन मंद चालू ठेवायचं आणि लांबूनच पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी उडवायचं. आवाज क्षणभर गेला आणि पुन्हा आला तर रेषेचा दोष. पाणी पडताच आवाज आणखी वाढला तर ताण कमी. एवढा स्वस्त तपास दुसरा नाही. मात्र ओढणी, सैल बाही, बांगड्या, अंगठी यांना त्या वेळी गाडीपासून लांब ठेवा. आणि पट्ट्याला हात लावायचा तर इंजिन बंद, किल्ली खिशात. रेडिएटरचा विजेचा पंखा कधीकधी इंजिन बंद असतानाही आपणहून फिरू लागतो.

मग पट्टा काढून वाचायचा. एकच कड दोऱ्या निघाल्यासारखी उसवली आहे? पुली वाकडी. रेघांमध्ये रबराच्या बारीक गोळ्या अडकल्यात? तीच शंका, किंवा ताण कमी. रबर फुगून मऊ पडलंय? वरून तेल गळतंय; गळती थांबवल्याशिवाय नवा पट्टा आणू नका. आडव्या भेगा? इथे जरा सावध. जुने पट्टे निओप्रीनचे असत आणि म्हातारे झाले की भेगाळत, म्हणून इंचभरात तीन भेगा दिसल्या की बदला असा नियम होता. आताचे बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे आहेत. ते सहसा भेगाळत नाहीत, बुटाच्या तळव्यासारखे निमूट झिजतात. लाख किलोमीटरनंतरही वरून नव्यासारखे दिसतात, पण रेघा उथळ होऊन खाचेच्या तळाला टेकलेल्या असतात. “एकही भेग नाही, अजून चालेल” हे वाक्य त्यामुळे पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. ही झीज मोजायला खाचेत बसवून बघायचं एक छोटं प्लॅस्टिकचं माप मिळतं.

साबण, मेणबत्ती, राळ, फवारा, यातलं काहीही नको. गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ शोभत होती. पाचरीच्या पट्ट्यावर ती दोन दिवस आवाज दाबते, धूळ धरते आणि दुखणं लपवते.

एक गोंधळही मिटवून टाकतो. टायमिंग बेल्ट वेगळा. तो दातांचा असतो, झाकणाच्या आत असतो आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बाहेरचा पट्टा तुटला तर गाडी लगेच मरत नाही. बॅटरीचा दिवा लागतो, एसी जातो, काहींत स्टिअरिंग दगडासारखं होतं. पण त्यावर पाण्याचा पंप असेल तर तापमानाचा काटा वर जायच्या आत थांबायचं. आणखी दोन किलोमीटरवर गाव आहे म्हणून रेटलेल्या गाड्यांची हेड गॅस्केटं जळालेली मी पाहिली आहेत.

अलीकडे तर या पट्ट्याला बढती मिळाली आहे. 2015 मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलमध्ये सौम्य हायब्रिड यंत्रणा आली, तिच्यात ऑल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करतो. सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन हा पट्टाच उलटा जोर लावून सुरू करतो. जी बाजू आत्ता ताणलेली होती ती पुढच्या क्षणी सैल होते, म्हणून असल्या यंत्रणेतले पट्टे आणि टेन्शनर खास असतात. तिथे मिळेल तो स्वस्त पट्टा घालणं परवडत नाही. विजेच्या गाड्यांत मात्र एसीलाही स्वतःची मोटर असते, आणि त्या गाडीचं बॉनेट उघडलं की हा नागमोडी सोबती दिसतच नाही.

सुरुवातीला सांगितलेली ओरडणारी गाडी आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. एका वर्षात तिसरा पट्टा घालायच्या बेतात ते होते. रविवारी इस्त्रीची बाटली घेऊन आम्ही दोघं बॉनेट उघडून उभे राहिलो. पाणी उडवताच किंचाळी इतकी वाढली की वरच्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीत आल्या. टेन्शनरचा हात जरा नाचत होताच. पट्टा उतरवून तो हात दाबून पाहिला तर दोन बोटांनी मागे गेला. नवा टेन्शनर आणला आणि दुसऱ्यांदा घातलेला तोच पट्टा पुसून परत चढवला. तिसरा, न घातलेला, अजून त्यांच्या डिकीत पडून आहे, दुकानाच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट.